प्लास्टिकचा कावळा आणि पिंजऱ्यातला तित्तर : पाखरं कशाला भुलतात आणि कायदा काय म्हणतो

(ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा जे एसटीत बसल्यावर हेडफोन घरी राहिला म्हणून हळहळतात, त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलण्यातले 'अं...' आणि मधेच आलेला कुकरच्या शिट्टीचा आवाज तेवढा गाळला आहे.)

आजचा विषय आपल्या एका श्रोत्यानं दिलाय. मुलगा तासगावकडचा, घरची द्राक्षबाग. त्याचा व्हॉइस मेसेज आला तो जवळजवळ त्याच्याच शब्दांत सांगतो : "दादा, बागेत कावळे लय झालेत. यूट्यूबवर बघितलं, बाहेरच्या देशात प्लास्टिकचे कावळे रानात मांडतात, स्पीकरवर काव काव लावतात, आणि झुंडच्या झुंड आली की बंदुकीनं उडवतात. तसले कावळे ऑनलाइन मिळतात. मागवू का? आमच्याकडं छऱ्याची बंदूक आहेच. आणि कावळा मारायला तर परवानगी असते ना?"

आधी थोडक्यात उत्तर देतो, म्हणजे कुणी अर्धाच भाग वाचून ऑर्डर टाकायला नको. मागवू नकोस. कावळा मारायला कायद्याची आडकाठी नव्हती, हे खरं आहे. पण 'नव्हती' हा शब्द महत्त्वाचा. आता आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्या कामासाठी तुला हे हवंय, त्या कामाला हा उपाय उलटा पडेल.

आता लांबलचक उत्तर. कारण विषय भन्नाट आहे, आणि तो फक्त परदेशातला नाही. सातारा-सांगलीच्या माळावर ही विद्या फार जुनी आहे. फक्त तिथं कावळा नव्हता, तित्तर होता.

भूल पाडायची म्हणजे काय करायचं?

इंग्रजीत ज्याला डिकॉय म्हणतात, त्याला आपल्याकडं सगळीकडं चालेल असा एकच शब्द नाही. मी 'भुलीचा पक्षी' म्हणतो. म्हणजे असा पक्षी, खरा किंवा खोटा, जो बघून किंवा ऐकून दुसरा पक्षी आपणहून जवळ येतो.

आमिष आणि भूल यात फरक आहे बरं का. दाणे टाकले आणि पाखरं आली, तर ते आमिष. त्यात पाखराला दाणा खरंच मिळतो. भुलीत पाखराला काहीच मिळत नाही, मिळते ती फक्त खोटी बातमी. "इथं तुझे भाऊबंद बसलेत, म्हणजे जागा सुरक्षित आहे" ही एक बातमी. "इथं तुझा वैरी आलाय" ही दुसरी. पक्षी बातमीवर विश्वास ठेवतो आणि येतो.

ही युक्ती किती जुनी असावी? अमेरिकेत नेवाडा राज्यात लव्हलॉक नावाची गुहा आहे. १९२४ साली तिथं लव्हाळ्याची बदकं सापडली. दलदलीतल्या गवताच्या जुड्या वळून, बांधून केलेली, काहींवर रंग आणि पिसंसुद्धा. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची! तिथल्या मूळ रहिवाशांनी ती पाण्यावर तरंगवून खरी बदकं जवळ आणली.

आपल्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर बाराव्या शतकात या. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ. राजाच्या करमणुकींमध्ये शिकारीचं तपशीलवार वर्णन त्यात आहे, आणि शिकवून तयार केलेलं हरीण वापरून रानातली हरणं जवळ आणायची पद्धतही आहे. म्हणजे ही कल्पना आपल्या मातीतही चांगली आठ-नऊशे वर्षं मुरलेली.

कावळ्याला कोण कोण ओढतं?

आता त्या व्हिडिओकडं येऊ. इंग्लंड-अमेरिकेत कावळ्यांची शिकार करणारे लोक साधारण तीन गोष्टींचा आधार घेतात.

पहिली, सोबत. कावळा एकटा खात नाही. एखाद्या रानात चार कावळे निवांत टोचताना दिसले की वरून जाणारा पाचवा उतरतो. त्याच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच आहे. चार जण जिवंत बसलेत याचा अर्थ तिथं धोका नाही आणि खायला आहे. म्हणून प्लास्टिकचे कावळे मांडायचे. आपण नाही का, अनोळखी गावात ज्या वडापावच्या गाड्यावर गर्दी दिसते तिथंच थांबतो? तोच हिशेब.

दुसरी, आवाज. कावळ्याची प्रत्येक काव सारखी नसते. हाक मारण्याची वेगळी, भांडणाची वेगळी, "अरे धावा, कुणीतरी सापडलंय" ही वेगळी. गावात कावळ्याचं पिल्लू घरट्यातून खाली पडलं की काय होतं, आठवा. दोन मिनिटांत पंधरा-वीस कावळे गोळा होऊन डोक्यावर घिरट्या घालतात. ही संकटाची हाक स्पीकरवर लावली की लांबचे कावळेही येतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात जोरदार. घुबड. प्लास्टिकचं मोठं घुबड उंच काठीवर बसवायचं. दिवसा घुबड दिसलं की कावळे त्याच्यावर अक्षरशः तुटून पडतात, कारण रात्री झोपलेल्या कावळ्याला आणि त्याच्या पिल्लांना घुबडापासून खरा धोका असतो. दिवसा त्याला हाकलून लावायचं, जागा दाखवून द्यायची, पोरांनाही वैरी ओळखायला शिकवायचं, असा हा सामुदायिक कार्यक्रम असतो.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी नीट पाहिलेली होती. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा वडाखाली बसलाय आणि एक घुबड रात्री झोपलेल्या कावळ्यांना मारतंय, हे बघून त्याच्या डोक्यात रात्रीच्या हल्ल्याची कल्पना येते. पंचतंत्राचं तर अख्खं तिसरं तंत्र कावळे आणि घुबडांच्या वैरावर आहे. आणि त्या गोष्टीत जिंकतं कोण? कावळे. तेही फितुरीचं नाटक करून, घुबडांच्या गुहेत शिरून. म्हणजे फसवणुकीच्या खेळात कावळा आपला गुरू शोभेल, हे आपल्या लोकांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

याची एक काळी बाजूही आहे. भारतात पक्षी पकडणारे काही लोक जिवंत घुबडाला दोरीनं बांधून भुलीसाठी वापरतात. घुबडांच्या चोरट्या व्यापारावर ट्रॅफिक इंडिया या संस्थेचा २०१० साली अहवाल आला, त्यात काळी जादू, औषधं यांच्या बरोबरीनं पक्षी पकडण्यासाठी होणारा हा वापरही नोंदवलाय. म्हणजे एका पक्ष्याचे हाल करून दुसऱ्याला पकडायचं.

पण कावळा शिकतो

व्हिडिओत दहा मिनिटांत पन्नास कावळे येताना दिसतात. त्यात काटछाट किती केली, किती सकाळी रिकामं परत जावं लागलं, हे दाखवत नाहीत.

अमेरिकेत सिॲटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ नावाच्या प्राध्यापकांनी २००६ साली एक प्रयोग सुरू केला. गुहेत राहणाऱ्या आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून त्यांच्या गटानं विद्यापीठाच्या आवारातले सात कावळे पकडले, पायात खुणेच्या कड्या घातल्या आणि सोडून दिले. मारलं वगैरे काही नाही. त्यानंतर तो मुखवटा घालून कुणीही आवारात फिरलं की कावळे अंगावर धावून यायला लागले. दुसरा साधा मुखवटा घातला तर काही नाही. गंमत म्हणजे ज्यांना कधी पकडलंच नव्हतं असे कावळेही ओरडायला लागले, आणि वर्षं गेली तशी ओरडणाऱ्यांची संख्या वाढत गेली. आईबापांचं बघून पोरं शिकली. कित्येक वर्षांनीही तो चेहरा विसरला गेला नव्हता.

पुढं २०१५ साली केली स्विफ्ट आणि मार्झलफ यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कावळ्यांना जिथं रोज खाऊ मिळायचा तिथं एक माणूस मुखवटा घालून, हातात मेलेला कावळा घेऊन उभा राहिला. कावळे जमले, ओरडले, आणि नंतर कित्येक दिवस त्या जागी खायला उतरताना कचरले. रिकाम्या हातानं तोच मुखवटा आला तरी सहा आठवड्यांपर्यंत ओरडणं चालू होतं. मेलेला भाऊबंद म्हणजे 'इथं काय झालं ते समजून घ्या' असा धडा.

हे अमेरिकेतले कावळे, आपल्या कावळ्याचे चुलतभाऊ. पण आपला राखाडी मानेचा गावकावळाही काही कमी नाही. जहाजांवर बसून आणि माणसांनी नेऊन तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचला, झांझिबारला तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच. तिथं तो परका. स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाऊन त्यानं मोठा त्रास दिलाय. त्याला पकडायला तिथं मोठे जाळीचे पिंजरे लावतात आणि आत भुलीसाठी काय ठेवतात? जिवंत कावळे. आतले खाताना दिसले की बाहेरचे छताच्या फटीतून आत उतरतात. काही दिवस भरपूर सापडतात, मग बाकीचे पिंजऱ्याकडं फिरकत नाहीत. सिंगापूरला बंदूकधारी नेमूनही कावळे मारले गेले. एवढं करून कावळा कुठूनही सहज संपलेला नाही. कारण उकिरडा उघडा आहे तोवर गेलेल्याची जागा घ्यायला दुसरा हजर असतो.

आता तासगावच्या मित्रा, तूच विचार कर. भुलीच्या पक्ष्याचं काम काय? लांबलांबचे कावळे बोलावून आणणं. तुला हवंय काय? बागेतून कावळे जाणं. तू प्लास्टिकचे कावळे मांडलेस तर शेजारच्या चार गावांचे कावळे तुझ्या बागेत येतील. दोन मरतील, उरलेले तुझा चेहरा लक्षात ठेवतील आणि घड कुठं आहेत तेही बघून जातील.

आपल्या माळावरची भूल : बोलता तित्तर

आता आपल्या जिल्ह्यांकडं येऊ. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सगळा कमी पावसाचा पट्टा. माळरान, बोरी-बाभळी, गवत. इथला खास रहिवासी म्हणजे तित्तर. तो दिसतो कमी, ऐकू जास्त येतो. पहाटे माळावर उभं राहिलात तर एका बाजूनं चढत्या आवाजात त्याची ललकारी सुरू होते आणि दुसऱ्या बाजूनं लगेच उत्तर येतं.

ही ललकारी म्हणजे सातबारा आहे, सातबारा. "या बांधापासून त्या ओढ्यापर्यंत माझं" असं नर जाहीर करतो. त्याच्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज आला की तो भांडायला येतोच. पायाला टोकदार आरी असते, भांडण खोटं नसतं.

तित्तर पकडायची जुनी रीत नेमकी इथं हात घालते. लहानपणापासून पाळलेला बोलता तित्तर छोट्या पिंजऱ्यात घालायचा, वर कापड टाकायचं, पहाटे माळावर नेऊन ठेवायचा. भोवती बांबूच्या बारीक खुंट्या आणि दोऱ्याच्या फासांची ओळ. पिंजऱ्यातला बोलला की रानातला चिडून पळत येतो आणि पाय किंवा मान फासात अडकते. बंदूक नको, बार नको, काही नको.

नीट बघा, इथं भूल कावळ्यापेक्षा वेगळी आहे. प्लास्टिकचा कावळा सांगतो, "मित्र बसलेत, या." पिंजऱ्यातला तित्तर सांगतो, "तुझ्या घरात मी शिरलोय, काय करायचं ते कर." म्हणून पळून न जाता पुढं येतो तो सगळ्यात निधड्या छातीचा नर, ज्याच्याकडं हद्द आहे आणि बहुधा जोडीदारही. तोच जातो. माळ तेवढाच राहतो, पण बोलणारा राहत नाही.

ही विद्या ज्यांच्याकडं पिढ्यान् पिढ्या होती त्या समाजाचं नावच फासेपारधी, फाशांवरून पडलेलं. त्यांच्याबद्दल बोलताना जपून बोलायला पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारायला सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्यानं पुसला, म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पण लोकांच्या मनातला शिक्का गेला नाही. आणि १९७२ साली वन्यजीव कायदा आला तेव्हा त्यांच्या हातातलं पोटाचं साधन गेलं, बदल्यात जमीन, शाळा, काम मात्र सगळ्यांपर्यंत पोचलं नाही.

माळावरची पाखरं ओळखण्यात या समाजातल्या जुन्या माणसांचा हात धरणारा कुणी नाही. कुठल्या ओढ्याला किती जोड्या आहेत, अंडी कधी, पिल्लं कधी, हे त्यांना न बघता, नुसत्या आवाजावरून कळतं. हे ज्ञान पक्षी मोजायला, माळ राखायला वापरता येईल. मला वाटतं हा खरा प्रश्न आहे. आणि दुसरं सांगू का? आज तित्तराच्या मागं लागणारे सगळे पोटासाठी लागत नाहीत. बुलेटवर येऊन, ब्लूटूथ स्पीकर लावून, रील टाकणारी पोरं कुठल्याच जमातीची नसतात. ती आपल्यातलीच असतात.

कायदा : १९७२, १९९१ आणि २०२३

इथं जरा कान देऊन ऐका, कारण गावोगाव अजून जुनीच माहिती फिरतेय.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. यात प्राण्यांच्या याद्या होत्या, त्यांना अनुसूची म्हणतात. पाचव्या अनुसूचीत होते उपद्रवी प्राणी : गावकावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर, घुशी. यांना मारलं तर गुन्हा नव्हता. "कावळा मारायला चालतो" ही समजूत इथून आली, आणि ती तेव्हा बरोबर होती.

एक योगायोग बघा. त्याच १९७२ साली अमेरिकेनं मेक्सिकोबरोबरच्या पक्षी-करारात कावळ्याच्या कुळाचा समावेश केला. म्हणजे आपण त्याला उपद्रवी ठरवलं त्याच वर्षी तिथं त्याला कायद्याचं छत्र मिळालं. म्हणून त्या व्हिडिओतल्या लोकांनाही वाटेल तेव्हा वाटेल तेवढे कावळे मारता येत नाहीत. हंगाम ठरलेला असतो, वर्षाला जास्तीत जास्त १२४ दिवस. आणि बदकांच्या शिकारीत जिवंत भुलीचे पक्षी वापरायला तर तिथं १९३५ पासूनच बंदी आहे. का? कारण ती युक्ती फारच चालायची, बदकं झपाट्यानं कमी झाली.

आपल्याकडं १९९१ च्या दुरुस्तीनं हौशी शिकारीचे परवाने बंद केले. मग २०२२ ची दुरुस्ती आली, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि तिनं उपद्रवी प्राण्यांची ती पाचवी अनुसूचीच काढून टाकली. गावकावळा आता दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित. एखादा प्राणी ठरावीक भागात ठरावीक काळासाठी उपद्रवी जाहीर करायचा अधिकार केंद्र सरकारकडं आहे, पण तो सरकारचा अधिकार. तुमचा-माझा नाही.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. या कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ फक्त मारणं असा नाही. पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, हाकून नेणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. म्हणजे पिंजरा घेऊन माळावर फास मांडून बसलात आणि एकही तित्तर आला नाही, तरी गुन्हा झाला. "साहेब, काहीच घावलं नाही" हा बचाव होत नाही.

शिक्षा? साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. शिवाय ज्या गाडीनं, हत्यारानं, सापळ्यानं गुन्हा केला ते सरकारजमा होतं. चार लाइकसाठी बापाच्या नावावरची बुलेट जाईल, एवढं लक्षात ठेवा.

आणि छऱ्याच्या बंदुकीचं. काही एअरगनना परवाना लागत नाही, हे खरं. पण बंदूक ठेवायला परवाना न लागणं आणि पक्षी मारायला परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरी विकत घ्यायला तरी कुठं परवाना लागतो!

मग बागेचं काय?

हे सगळं ऐकून तासगावचा मित्र म्हणेल, "दादा, तुमचं पक्षीप्रेम ठीक आहे, पण औषधं, मजुरी, बँकेचा हप्ता, हे कोण भरणार?" बरोबर आहे. घडात साखर भरायला लागली की एका सकाळीत होणारं नुकसान ज्याचं त्यालाच माहीत. एक मणी फुटला की रस गळतो, माश्या येतात, कुज लागते आणि अख्खा घड जातो.

तर पहिलं काम : चोर कोण ते नक्की करा. कावळा मोठा, काळा, आवाज करणारा, म्हणून डोळ्यांत येतो. पण बुलबुल, साळुंक्या आणि हिवाळ्यात थव्यानं येणाऱ्या भोरड्याही फळांवर पडतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, तसं होऊ नये. दोन सकाळी मोबाइलवर शूटिंग करा आणि बघा. फोन त्यासाठी वापरा.

दुसरं, जाळी. खर्च आहे, पण खात्रीचा उपाय हाच. जाळी ताणून बांधा. सैल लोंबणाऱ्या नायलॉनच्या जाळीत पाखरं, साप अडकून मरतात, आणि त्या मेलेल्याचा वास वेगळाच.

तिसरं, भीती दाखवायची तर बदलत राहा. चमकपट्टी, बुजगावणं, फटाका, ताटली वाजवणं, सगळं चार-सहा दिवस चालतं. मग कावळा बुजगावण्याच्याच डोक्यावर बसतो. काळ्या प्लास्टिकचा कावळा उलटा टांगून बघा, मेलेल्या कावळ्यासारखा. हा झाला भुलीचाच पक्षी, पण उलट्या कामाचा. 'या' न म्हणता 'इथं काहीतरी वाईट झालंय' असं सांगणारा. तोही रोज जागा बदलून, आणि ऐन घड भरायच्या दिवसांतच. त्यासाठी खरा कावळा मारू नका, तो गुन्हाच.

चौथं, जेवण बंद करा. बागेजवळ पोल्ट्रीचा मेलेला माल उघडा टाकलाय का? गळालेले घड बांधावर कुजतायत का? कावळा तिथं जेवायला येतो, द्राक्ष ही त्याची बडीशेप. ताट उचललं की पाहुणे कमी होतात.

आणि नुकसान खरंच फार असेल तर वनविभागाकडं लेखी अर्ज करा. उभ्या पिकाला धोका असेल तर परवानगी देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशानंच. आपल्या मनानं नाही.

एक हिशेब मात्र दुसऱ्या बाजूलाही मांडा. वाळवा, कराडकडं ऊस आहे, आणि उसाला हुमणी आहे. नांगरट सुरू झाली की ट्रॅक्टरमागं कोण चालतं? बगळे, साळुंक्या, कोतवाल आणि कावळे. उघड्या पडलेल्या अळ्या फुकटात वेचतात. द्राक्षाच्या हंगामात लक्षात राहणारा कावळा नांगरटीत आपण विसरतो.

नदीकाठचा कावळा

कावळ्याला बोलवायची एक जागा आपल्याकडं अशी आहे जिथं मोठमोठी माणसं हात जोडून उभी असतात. संगम माहुली, वाई, कराडचा प्रीतिसंगम, सांगलीचा कृष्णाकाठ. दहाव्याला पिंड ठेवायचा आणि वाट बघायची. कावळा पटकन शिवला तर "समाधानानं गेले". नाही शिवला तर कुजबुज सुरू : "काहीतरी इच्छा राहिली असणार." मग एकेक जण पुढं होऊन वचन देतो, धाकट्याचं शिक्षण करीन, आईला सांभाळीन.

घाटावरचे कावळे कुठल्या भुलीनं येत नाहीत. कुठं, किती वाजता भात मिळतो हे त्यांना पाठ आहे. पोट भरलेलं असेल किंवा गर्दी फार असेल तर येत नाहीत, इतकं साधं आहे ते. आणि कावळा नाहीच आला तर आपल्या लोकांनी तोडगा काढलाय : दर्भाचा कावळा करायचा आणि तो पिंडाला शिववायचा.

गवताचा कावळा! लव्हलॉकच्या गुहेत गवताचं बदक, कृष्णेच्या घाटावर गवताचा कावळा. पण तिथलं बदक खऱ्या बदकाला फसवायला होतं. आपला दर्भाचा कावळा कुणालाच फसवत नाही. खरा आला नाही म्हणून त्याच्या नावानं आपणच माणसांना मोकळं करतो. ज्या पक्ष्याकडून एवढी मोठी सही घ्यायची, त्याला बागेत छरा घालायचा, हे मला तरी जमत नाही. हे माझं मत. कायद्याचं कलम नव्हे.

खिशातली भूल

शेवटचं, आणि हे शेती नसलेल्यांसाठीही. आज प्रत्येकाच्या खिशात भुलीचा पक्षी आहे. मर्लिनसारख्या ॲपवर आवाज ओळखता येतो, फार छान गोष्ट आहे. पण तोच आवाज माळावर मोठ्यानं वाजवला की तुम्ही पिंजऱ्यातला तित्तर झालात. फास नसला तरी. नर घरटं सोडून खोट्या वैऱ्याला शोधत फिरतो, अंडी उघडी पडतात, आणि त्याच वेळी मुंगूस किंवा तुमचा आवाज ऐकून आलेला दुसराच कुणी तिथं पोचतो. फोटोसाठी वाजवलं काय आणि फासासाठी वाजवलं काय, पाखराला फरक कळत नाही.

म्हणून तीन गोष्टी करा. ॲप ऐकायला वापरा, ऐकवायला नको. घरट्याच्या दिवसांत तर अजिबात नको. आणि तित्तर, लावे, घुबड, मोर यांचा फोटो टाकताना नेमकी जागा टाकू नका.

मायणीच्या तलावावर, सागरेश्वरला किंवा आपल्याच गावच्या गायरानात पहाटे जाऊन नुसतं बसा. अर्धा तास. काहीही न वाजवता. तित्तर बोलतो का ऐका. बोलला तर समजा, अजून कुणी पिंजरा घेऊन आलेलं नाही. फास, पिंजरा किंवा बंदूकवाले दिसले तर स्वतः भांडायला जाऊ नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, जागा सांगा, बास.

तासगावच्या मित्रा, प्लास्टिकच्या कावळ्यांचे पैसे जाळीत घाल. आणि दोन सकाळींचं शूटिंग पाठव, बागेत नक्की कोण येतंय ते आपण सगळे मिळून ओळखू. बाकीच्यांनी आपापल्या भागात तित्तराला, लाव्याला काय म्हणतात ते कळवा. पुढच्या भागात ती नावं घेऊ.

चला, भेटू. काळजी घ्या.